शनिवारचा बसका भोंगा

गेजचा काटा चाळिसावर उतरला तसं रहमानने फावडं भिंतीला टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाबूजी, प्रेशर गिर रहा है."

"गिरने दो."

"सात बजे भोंगा है."

"मालूम है."

रहमान माझा फायरमन, भट्टीत कोळसा टाकणारा. बारा वर्षं आम्ही एकाच भट्टीसमोर काढली होती. फावडं त्याने पुन्हा उचललं नाही.

मी तेव्हा नागपूरच्या एका कापड गिरणीत बॉयलर अटेंडंट होतो. मोठ्या बंद टाकीत पाणी तापवून वाफ करायची आणि ती पाइपांतून खात्यांना पुरवायची, हे आमचं काम. सुताला खळ लावायला वाफ, कपडा रंगवायला वाफ. भोंगासुद्धा वाफेवरच वाजायचा. साखळी माझ्या हातात असायची. सकाळी साडेसहाला पहिला भोंगा, सातला दुसरा. गिरणीमागच्या आमच्या वस्तीत घड्याळं थोडी होती, आणि जी होती ती भोंग्यावर लावलेली असत.

दिवस आणीबाणीचे होते. युनियनचे पुढारी आत होते. सभा बंद होत्या. पेपरात गिरणीबद्दल एक ओळही येत नव्हती. गेटवर एवढीच नोटीस होती की कापसाच्या टंचाईमुळे कामगारांना तात्पुरता ले-ऑफ देण्यात येत आहे. तिला तीन आठवडे झाले होते. लोक रोज सकाळी गेटपर्यंत येत, नोटीस वाचत, ज्यांना वाचता येत नसे ते वाचून घेत, आणि परत जात. रॉकेलच्या रांगेत, नळावर, पानठेल्यावर एकच प्रश्न होता, की गिरणी उघडते की नाही. त्याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

ते माझ्याकडे होतं. मला ते कोणी सांगितलेलं नव्हतं. दरवर्षी सरकारी इन्स्पेक्टर येऊन बॉयलर तपासतो आणि एक वर्षाचं सर्टिफिकेट देतो. त्याशिवाय बॉयलर पेटवणं गुन्हा आहे. आमचं सर्टिफिकेट दहा दिवसांत संपत होतं. मी अर्ज भरून ऑफिसात दिला होता, तो सही न होता टेबलावर पडून होता. यार्डात कोळसाही जेमतेम तेवढ्याच दिवसांचा होता. ज्याला गिरणी चालवायची आहे तो असं करत नाही.

बुधवारी मी मॅनेजर साहेबांना अर्जाची आठवण केली. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"त्याची गरज नाही," ते म्हणाले.

"म्हणजे साहेब, गिरणी..."

"मी काही म्हटलेलं नाही. तुम्ही काही ऐकलेलं नाही. भोंगा मात्र दोन्ही वेळा वाजला पाहिजे."

"काम नाही तर भोंगा कशाला?"

"तो बंद पडला तर संध्याकाळपर्यंत गेटवर दगड येतील. तुमच्याच वस्तीतले. बॉयलरवरच्या तुम्हा चार जणांचा पगार चालू आहे ना? मग झालं."

मी केबिनमधून बाहेर आलो. मला वाद घालता येत नाही. लहानपणापासून पुस्तकात डोकं घालून बसायची सवय. त्यामुळे वस्तीत मला सगळे मास्तर म्हणत. हे नाव वामनभाऊंनी ठेवलेलं.

वामनभाऊ लूम खात्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे काही माग ज्याच्या ताब्यात असतात आणि बिघडले तर जो ते सुधारतो, तो माणूस. सव्वीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. माझे वडील त्यांच्याच खात्यात विणकर होते. वडील गेल्यावर मला शाळेतून काढू नका, असं आईला सांगणारे वामनभाऊच. बॉयलरची परीक्षा पास झालो तेव्हा सगळ्यांत आधी मी त्यांच्याकडे गेलो. माझा कागद उलटा-सुलटा पाहून ते म्हणाले होते, "वाचता येत नाही गा मले इंग्रजी. पण शिक्का मोठा आहे."

गुरुवारी संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि अंगणातल्या बाजेवर बसले.

"मास्तर, कळमेश्वरले नवा कारखाना सुरू होऊन राहिला. तिथं जॉबर पाहिजे. शनिवारी साडेनऊच्या आत बोलावलं."

"मग जा ना भाऊ."

"जाऊन का करू? इथली सर्व्हिस तुटते. अन् उद्या मिल उघडली त मी बसलो तिकडं बोंबलत." ते माझ्याकडे वळले. "तुले काही माहीत आहे का गा?"

मी म्हणालो, "नाही."

"बरं. भोंगा वाजून राहिला ना? मंग मिल जिती आहे. तुही वहिनी म्हणते जा. मी म्हणतो, भोंगा वाजून राहिला."

ते गेल्यावर मी पुस्तक उघडून बसलो. पान उलटलं नाही. मी साहेबांच्या सांगण्यावरून रोज दोनदा साखळी ओढत होतो आणि वामनभाऊ माझ्या भरवशावर घरी बसत होते.

सरळ त्यांच्या घरी जावं, हे मला सुचलं नाही असं नाही. पण ते बोलले असते, वहिनी बोलल्या असत्या, तासाभरात वस्तीला कळलं असतं आणि माझं नाव निघालं असतं. मला भीती वाटली. मग मला माझ्या धंद्यातला एक उपाय सुचला, आणि खरं सांगायचं तर तो सुचल्याचा आनंदही झाला.

प्रेशर पुरेसं असेल तर भोंगा मोकळ्या गळ्याने वाजतो. प्रेशर कमी केलं आणि बॉयलरमध्ये पाणी खुणेपेक्षा थोडं वर घेतलं, तर वाफेबरोबर पाणी येतं आणि भोंगा बसक्या आवाजात, गुळण्या केल्यासारखा वाजतो. आम्हा बॉयलरवाल्यांना असा आवाज ऐकला की कळतं, की भट्टी मरते आहे. शनिवारी तसा भोंगा द्यायचा. वामनभाऊंना कळेल, साडेसातची एसटी पकडून ते कळमेश्वरला जातील, आणि मी कोणाला काही सांगितलेलं नसेल.

म्हणून रहमानला म्हटलं, गिरने दो.

सातला साखळी ओढली. भोंगा आधी खोकला, मग घरघरला. वरून गरम पाण्याचे थेंब पत्र्यावर पडले. रहमानने कानावर हात ठेवले. इतका वाईट भोंगा मी आयुष्यात वाजवला नव्हता. मला बरं वाटलं. वामनभाऊ आता पिशवी उचलत असतील, असं मी मनात म्हटलं.

पावणेआठला गेटवर आरडाओरडा ऐकू आला. जाऊन पाहतो तर पहारेकऱ्याशी वामनभाऊंची झटापट चाललेली. अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, पायात एकच चप्पल. मला पाहिलं आणि ते एकदम थांबले.

"हा त उभा आहे!"

"काय झालं भाऊ?"

"मलेच विचारतो? तुले का झालं? भोंगा रडून राहिला होता. बारा वर्षांत तुह्या हातचा भोंगा कधी असा ऐकला नाही. मी म्हटलं मास्तर पडला. नाही त भाजला. तुह्या वहिनीनं धाडलं म्हणून स्टँडवर गेलो होतो, तिथून तसाच पळत आलो."

"आणि तुमची बस?"

"गेली असन. बसचं का घेऊन बसला? तब्येत बरी आहे ना?"

पहारेकरी कान देऊन ऐकत होता. मला आता दुसरं काहीच सुचलं नाही.

"वामनभाऊ, गिरणी उघडणार नाही."

त्यांनी वर चिमणीकडे पाहिलं.

"धूर त निघून राहिला."

"तो फक्त भोंग्यासाठी."

ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "परवा बाजेवर बसलो होतो, तवा काहून नाही सांगितलं गा?"

मी माझी सायकल आणून त्यांच्या हातात दिली. पन्नाशीचा माणूस, उन्हाळ्याचे दिवस, आणि कळमेश्वरचा रस्ता. पोहोचायला दहा वाजून गेले. जॉबर तोवर घेऊन झाला होता. तिथल्या यार्डात हेल्परची जागा होती, ती त्यांनी घेतली. तिथेच खोली केली आणि रिटायर होईपर्यंत हेल्परच राहिले.

सोमवारी साहेबांनी मला बोलावलं.

"तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"का?"

"विचारलं म्हणून."

मला त्याच दिवशी काढलं. त्या आठवड्यातच भोंगा थांबला. दगड मात्र आले नाहीत. लोक गेटपाशी आले, उभे राहिले आणि घरी गेले.

पुढे मला एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात बॉयलरवर काम मिळालं. वामनभाऊ नागपूरला आले की भेटत. दरवेळी विचारत, "का मास्तर, घसा बरा आहे का?" हसत आणि पाठीवर थाप मारत. सायकल परत करायचा विषय त्यांनी कधी काढला नाही, मीही काढला नाही. तेवढ्यासाठी तरी ते येत राहतील, असं मला वाटायचं.

चार महिन्यांपूर्वी ते गेले. मी कळमेश्वरला गेलो होतो. त्यांच्या खोलीबाहेर माझी सायकल भिंतीला लावलेली होती, चेनला ताजं तेल होतं. बसल्या बसल्या कारखान्याचा सायरन झाला. तो विजेवरचा असतो, रोज एकसारखा वाजतो. तो वाजवणाऱ्याची तब्येत त्यातून कळत नाही.

वाफेने निरोप पाठवू नये, एवढं मी त्या नोकरीत शिकलो. ज्याला सांगायचं आहे त्याच्या घरी चालत जावं. वामनभाऊंचं घर माझ्या घरापासून चौथं होतं.