काळ्या गाडीवरचं कुंकू

मुकुंदराव गेल्याचा फोन आला तेव्हा मला लगेच रडू आलं नाही. आधी मनात आलं, आता ती काळी गाडी कोण पुसणार? लाज वाटली, पण आलं ते आलं. मुकुंदराव माझे साडू, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे, विमलचे, यजमान. थोरला जावई मी. पण लासूर स्टेशनला सासरच्या दारात आमच्या दोघांच्या गाड्या शेजारी लागल्या की लोक बघायचे त्यांची. माझी गर्द निळी, त्यांची काळी. दोन्ही एकाच वर्षी घेतलेल्या. दोन वर्षांत माझी गाडी भांड्यासारखी घासलेली दिसू लागली आणि त्यांच्या गाडीच्या दारात बघून भांग पाडता यायचा.

काळा रंग सांभाळणं म्हणजे काय, ते त्यांच्याकडे बघावं. ऊन चढायच्या आत, सावलीत गाडी. कोरड्या फडक्याला सक्त मनाई, आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहू द्यायची. मग टपापासून खाली. साबणाची बादली वेगळी, फडकं खळबळायची वेगळी, चाकांचं फडकं तर त्या बादल्यांच्या जवळही यायचं नाही. आमच्याकडं बोअरचं पाणी खारं, वाळलं की काळ्या रंगावर पांढरे ठिपके उठतात. म्हणून आठ-आठ दिवसांनी येणारं नळाचं पाणी ते कॅनमध्ये गाडीसाठी राखून ठेवत आणि स्वतः बोअरच्या पाण्यानं अंघोळ करत! मी हसायचो. घरी येऊन तसंच करून बघायचो, आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून कोरडं फडकं मारायचो...

आमचे सासरे, अण्णा, भुसार मालाचे अडते. बोलणं कमी. मुकुंदरावांच्या गाडीभोवती ते हात पाठीशी बांधून फेरी मारत, देवळात फिरावं तसे. "मुकुंदराव, तोंड दिसतंय की ह्यात," म्हणायचे. माझ्या गाडीला मात्र टेकून उभे राहत, बॉनेटवर पानाचा डबा ठेवत. माझा जीव जळायचा. थोरल्या जावयाची गाडी म्हणजे काय ओटा आहे?

दसऱ्याला सासरी गाड्यांची पूजा असे. अण्णा माझ्या बॉनेटवर ओल्या कुंकवानं ऐसपैस स्वस्तिक काढत. मुकुंदराव स्वतःच पुढं होऊन नंबरप्लेटला बोट लावत, हार घालत, संपलं. कुंकवात चुना असतो, उन्हात वाळलं की रंगावर खूण धरतं. हे मला चांगलंच ठाऊक होतं, कारण दरवर्षी परत आल्यावर मी गाडी पॉलिशच्या दुकानात नेऊन ते मशिननं घासून घेत होतो.

एका दसऱ्याला मला राहवलं नाही. सगळ्यांदेखत म्हणालो, "अण्णा, घरच्या लक्ष्मीला कपाळावर कुंकू लावतेत का पायाला? नंबरप्लेटला लावून पूजा होती व्हय?"

अण्णा घुटमळले. मुकुंदरावांकडं बघितलं. "लावू का हो?"

"लावा की अण्णा," मुकुंदराव म्हणाले.

अण्णांनी बोट बुडवलं. काळ्या बॉनेटवर बेतानं स्वस्तिक काढलं, तरी एक बाजू वाकडी आली. मग जेवणं, पान, गप्पा, आणि गाडी तीन तास उन्हात. मी पुरणपोळी वाढून घेत होतो आणि मनातून खूष होतो, खोटं कशाला बोलू? त्याच हिवाळ्यात अण्णा गेले.

परवा गारखेड्याला विमलकडं गेलो होतो. ती म्हणाली, "दाजी, गाडी तेवढी धुवून देता? धुळीनं भरलीय, मला बघवंना." मी मुकुंदरावांच्याच पद्धतीनं धुतली. दोन बादल्या, वरून खाली. पाणी टिपलं, आणि तिरप्या उन्हात बॉनेटवर ते वाकडं स्वस्तिक दिसलं. चकाकणाऱ्या काळ्यात तेवढंच मंद.

"एवढा जपणारा माणूस, हे कसं काढलं नाही?" मी विचारलं.

"कुणाला हात लावू देत नव्हते," विमल म्हणाली. "म्हणायचे, अण्णा दाजींच्या गाडीला कसे हक्कानं टेकतेत, आपल्या गाडीला घाबरून शिवत नायत. लई वाटायचं त्यांना त्याचं. तुमचा हेवा करायचे ते, दाजी. एवढं एकदाच त्यांना मिळालं."

मी खाली बसलो. तिला सांगून टाकलं, की अण्णांना त्या दिवशी मीच डिवचलं होतं, डाग पडावा म्हणूनच.

विमलनं डोळे पुसले. "मग लई चांगलं केलंत की," ती सरळ मनानं म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

मी बॉनेटपाशी तसाच बसून राहिलो. माझ्या गाडीवर अण्णांनी सात दसरे कुंकू काढलं होतं. सातही मी पैसे देऊन घासून काढले.