वाफ्यातला फ्रेंच किल्ला

सिंगापुरात यिशुनच्या आमच्या ब्लॉकमधले बँकवाले काका खूश झाले की चष्मा पुसतात. दिवाळीत बाकी सगळ्यांनी रायगड केले. काकांनी खालच्या बागेतल्या आपल्या वाफ्यात एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच तोफखान्याचा किल्ला केला.

"उंच बुरूज म्हणजे तोफेला आमंत्रण," ते मला म्हणाले. "हा जमिनीत दडतो. वर मातीचा जाड थर, गोळा त्यातच रुततो. खंदकात कुणी उतरलंच, तर बाजूच्या तोफा आहेतच."

मंडळाच्या किल्ले स्पर्धेच्या परीक्षक बाई आल्या. वाफाभर फिरून म्हणाल्या, "अहो, किल्ला कुठाय?"

"तुम्ही त्यावरच उभ्या आहात."

बाईंनी घाबरून पाय उचलला. टाच रुतली होती, पण छत शाबूत होतं. काकांनी चष्मा पुसला.

बक्षीस एका रायगडाला गेलं. पेढे मात्र काकांनी आख्ख्या ब्लॉकमध्ये वाटले.