आवाज नसलेली बस

कळसाडीच्या फाट्यावर अफवा उठली, कामिनीताईच्या अंगात येतं. सकाळी सकाळी केस मोकळे सोडून बसच्या पत्र्यावर हात आपटते आणि घुमते म्हणे. खोटं. केस सोडले नव्हते, क्लिप तुटली होती. बाकीचं खरं, पण त्याला देव नाही, बस जबाबदार होती.

विजेवरच्या बसचा प्रयोग ऑफिसने ताईच्या गळ्यात मारला होता, कळसाडी ते शहादा. महिनाअखेरपर्यंत बस निम्मी तरी भरायला हवी, नाहीतर ती दुसऱ्या तालुक्याला जाणार. असल्या कामाला लागणारे गुण प्रशिक्षणात फळ्यावर लिहून दिले होते. पहिला संयम. ताईकडे नेमका तोच नव्हता. ती बसभोवती फेऱ्या मारायची, ओढणी सोडायची, बांधायची आणि ऑफिसच्या मराठीत म्हणायची, "प्रवाशांनी कृपया लाभ घ्यावा." लाभ कुणी घेत नव्हतं. शेजारच्या जीपमध्ये माणसं एकमेकांच्या मांडीवर बसत होती.

शेवटी तिने केळीची टोपली घेऊन जीपकडे निघालेल्या जसोदाबाईंना अडवलं. "मावशी, रिकामी बस सोडून तिकडे कोंबून का घेता?"

"बंद पडेल गाडीमा कोन बसी, बाई?"

"बंद पडलेली नाही, चालू आहे ती."

"मंग आवाज कसा नई?"

ताई प्रथमच जागेवर थांबली. इंजिन धडधडलं आणि गाडी जरा पुढे-मागे झाली, की इथल्या माणसाला ती निघाली असं वाटतं. जीपवाला पितांबर तेच करत होता. पत्र्यावर थाप मारून तो हाळी देत होता, "चला शहादा, दोनच शीट." ताईकडे वळून म्हणाला, "ताई, तुमनी गाडी झोपी गई का?"

त्या संध्याकाळी ताईच्या शेजारच्या पोरीने, म्हणजे हे लिहिणारीने, पैज मारली: ऑफिसच्या बाईला पितांबरसारखं ओरडणं जमायचं नाही. जमलं, तर पोरगी बसमध्ये बसून डिझेल इंजिनाचा आवाज काढेल.

दुसऱ्या सकाळी ताईने ड्रायव्हर बन्सीलालना सांगितलं, "पुढे घ्या. मागे घ्या. परत पुढे." स्वतः दारात लोंबकळली. पत्र्यावर थाप पडली, क्लिप तुटली. "चला शहादा, निंघनी गाडी, तीसच शीट!"

पितांबर हसता हसता स्वतःची हाळी विसरला. जसोदाबाई टोपली घेऊन चढल्या. "आते जित्ती व्हयनी गाडी," म्हणाल्या. त्यांच्यामागून बाकीच्या बाया.

महिना संपला, बस राहिली. पहिल्या सीटवर हे लिहिणारी रोज घर्रर्र करते, आणि ताई दारातून दटावते, "चढ संपला, गिअर बदल."