बशी झाकलेला कप

"चारच ओळी आहेत. चहा निवणार नाही," असं म्हणून ते आधी कपांवर बश्या झाकायचे, माझ्या आणि स्वतःच्याही. मग खिशातून कॅलेंडरचं कालचं पान निघायचं. कचेरीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान रोज सकाळी फाडायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. त्या पानाच्या कोऱ्या बाजूला रोज एक कविता. चार ओळी, पाचवी कधी नाही. कडुलिंबाचा मोहोर, पूर ओसरल्यावरची नदी, दोरीवर वाळत असलेला एकटाच सदरा.

ही गोष्ट ऐंशी सालाच्या आसपासची. नाशिकमधल्या एका सरकारी कचेरीत ते आवक-जावक सांभाळायचे आणि शेजारच्या टेबलावर मी फायली इकडच्या तिकडे करायचो. त्यांची बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. कचेरी सुटली की समोर येईल त्या सिटी बसमध्ये बसायचे, शेवटच्या स्टॉपला उतरायचे आणि चालत परत यायचे. हेडक्लार्क म्हणायचे, "कविराज, पत्राला जावक नंबर टाका, यमक नको." ते हसून नंबर टाकायचे. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्या शेजारी बसलेला माझ्यासारखाही पाहिला असेल.

माझं काम सोपं होतं. चौथी ओळ संपली की "वा" म्हणायचं. लक्ष असायचं बायकोनं सांगितलेल्या भाजीकडे, नाहीतर थोरल्याच्या गणिताच्या मार्कांकडे. पण "वा" अगदी वेळेवर पडायचं. घरी मी सांगायचो, "आमच्या कवीला माझ्याशिवाय रसिक नाही."

"मी सकाळी काय आणायला सांगितलं होतं, रसिक?" बायको विचारायची. ते मी विसरलेलो असायचो.

एक दिवस मी म्हणालो, "वा. कालच्यापेक्षा सरस."

त्यांनी पानाची घडी घातली. "कालचीच आहे," ते म्हणाले. "परवाही हीच होती."

रागावले असते तर बरं झालं असतं. ते बशी बाजूला करून शांतपणे चहा प्यायले. दुसऱ्या दिवशी कपांवर बश्या आल्याच नाहीत. मी विचारलं, "आज नाही झाली का?"

"नाही झाली."

खिशातून पानाचं टोक दिसत होतं.

आठवडाभर हेच. शेवटी शनिवारी कचेरी सुटल्यावर मीच म्हणालो, "आज मीही येतो चालायला."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "चपलेचा अंगठा तुटेल."

"तुटू दे."

बसनं सोमेश्वरच्या बाजूला उतरलो आणि नदीकाठानं निघालो. तासभर चालत राहिलो. आता कविता येईल म्हणून मी "वा" तोंडाशी तयार ठेवलेलं. एका जागी ते थांबले. "काय दिसतंय?"

"म्हैस."

"आणखी?"

मी नीट पाहिलं. "तिच्या पाठीवर बगळा आहे."

"झालं की," म्हणाले आणि चालू लागले. पन्नास पावलांवर माझा अंगठा तुटला. परतताना ती चप्पल बस येईपर्यंत त्यांनीच हातात धरली होती.

सोमवारी कपांवर बश्या आल्या.

म्हैस विचारत नाही, कुठून आलास.
बगळाही सांगत नाही.
पाठीवर थोडं वजन आहे,
एवढं तिला पुरतं.

मी "वा" म्हणायचं विसरलो. बश्या उचलल्या तेव्हा चहावर साय धरली होती.

पुढचे सहा महिने मी खरंच ऐकलं. मग ते निवृत्त झाले आणि इंदिरानगरला एक खोली घेऊन राहिले. तिकडे तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. जाताना म्हणाले, "रविवारी या. दहाला चहा टाकतो."

"येतोच," मी म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. पण एका रविवारी पाहुणे, एका रविवारी दळण, आणि बाकीचे बरेचसे रविवार नुसतीच झोप. सायकलनं अर्ध्या तासाची वाट. मला आठ महिने लागले.

दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाई बाहेर आल्या.

"बाबा गेले हो. पंधरा दिवस झाले. झोपेतच गेले." मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या हापिसातले का?"

मी मान हलवली.

"दर रविवारी दहाला ओट्यावर दोन कप मांडायचे. एकावर बशी झाकून. मी म्हणायची, बाबा, कोण येतंय आता? तर म्हणायचे, येतील, त्यांना लांबून यायचं असतं. मग अकरा वाजले की तो कप माझ्या हातात द्यायचे. गरम करून घ्या म्हणायचे."

बाईंनी मला आपल्या घरात बसवलं आणि चहा आणून दिला. मी कपावर बशी झाकली.

"प्या ना," बाई म्हणाल्या. "निवंल तो."

"नाही निवणार," मी म्हणालो. "चारच ओळी आहेत."