आईचा खुबा आणि प्रशांतची बरणी

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या पाटीवर लावला आणि पेनाच्या टोकाने आईचा डावा खुबा दाखवला. मांडीच्या हाडाचा गोळा ज्या वाटीत फिरतो, ती वाटी आणि तो गोळा दोन्ही झिजून एकमेकांवर घासत होते. "मावशी, आता शेकून-चोळून काही व्हायचं नाही. टोटल हिप रिप्लेसमेंट करावं लागेल," ते म्हणाले. म्हणजे झिजलेला सांधा काढून तिथे नवीन, कृत्रिम सांधा बसवायचा.

आईने पदर सारखा केला आणि म्हणाली, "प्रशांतले विचारू दे आधी."

प्रशांत माझा धाकटा भाऊ. तो अमेरिकेत असतो आणि सॉफ्टवेअरमध्ये आहे, हाडांमध्ये नाही. कॉलेजच्या ऑफिसात अर्धी रजा टाकून, नंदनवनातल्या घरून ऑटो करून, धरधरून तिला तिथवर आणलं होतं मी. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक्स-रेकडे पाहत बसले.

ज्यांच्या घरी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे आणि खुब्याचं ऑपरेशनही समोर उभं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधपाण्याचं मला जेवढं कळलं तेवढं सांगेन. भावाचा विषय मध्ये येईल, त्याला माझा इलाज नाही. आमच्याकडे तो प्रत्येक विषयात मध्ये येतो.

आईच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, मेकॅनिकल व्हॉल्व म्हणतात ती. त्या झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून तिला रोज संध्याकाळी वॉरफेरिनची गोळी असते. गोळीचा परिणाम नीट होतो आहे का, हे आयएनआर नावाच्या रक्ततपासणीतून कळतं. तो आकडा फार चढला तर रक्तस्रावाची भीती, फार उतरला तर गुठळीची. हा आकडा गेली कित्येक वर्षं मी सांभाळते. आईच्या लेखी ते काही कामच नाही. नळाला पाणी येतं तसं ते आपलं आपण होतं, असं तिला वाटतं.

आई माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहते. मागच्या हिवाळ्यात प्रशांत आला तेव्हा त्याने चॉकलेटं, स्वेटर आणि गोळ्यांची एक भलीमोठी प्लास्टिकची बरणी आणली. आईने ती शोकेसमध्ये, त्याच्या पदवीच्या फोटोशेजारी ठेवली. येईल त्याला ती सांगायची, हाडाच्या गोळ्या आहेत, प्रशांतने आणल्या, तिकडच्या. मी आणलेलं बीपीचं मशीन पलंगाखाली असतं, पायपुसण्याशेजारी. मी त्या शोकेसकडे बघणंच सोडून दिलं होतं. धूळ पुसायचीसुद्धा नाही.

शहराबाहेरच्या मिहान प्रकल्पात मोठ्या कंपन्या येणार असं पेपरात येऊ लागलं, तेव्हापासून आई म्हणायची की प्रशांत आता परत येईल. कंपन्या आल्या. शेजाऱ्यांची मुलं तिथे नोकरीला लागली. प्रशांतच्या नावाची खोली मात्र अजून झाडून-पुसून बंद असते आणि मी आईसोबत राहायचं म्हटलं की मला बाहेरच्या दिवाणावर झोपावं लागतं.

हृदयाच्या डॉक्टरांनी आम्हाला आखणी करून दिली. ऑपरेशनच्या काही दिवस आधी वॉरफेरिन थांबवायची, नाहीतर रक्तस्राव आवरणार नाही. पण त्या दिवसांत झडपेला संरक्षण हवंच, म्हणून हेपारिनची इंजेक्शनं पोटाच्या कातडीखाली द्यायची. याला ब्रिजिंग म्हणतात; एक औषध थांबवून ते पुन्हा सुरू करेपर्यंतचा हा पूल. वॉरफेरिन कधीही आपल्या मनाने बंद करू नका. किती दिवस आणि किती डोस, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. काही जणांना ब्रिजिंग लागतही नाही. शेजारच्या काकांचं ऐकून काही करू नका.

त्याच आठवड्यात प्रशांतने तिकडून सर्जनना फोन केला. एकच फोन. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या गल्लीला माहीत होता. आईने समोरच्या काकूंना सांगितलं की प्रशांतने डॉक्टरांशी बोलून सगळं ठरवलं, मला काही बघावंच लागलं नाही. काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, भाऊ असावा तर असा. मी तेव्हा खाली बसून आईच्या पायाला तेल चोळत होते. मी जरा जोरातच चोळलं.

मग भूलतज्ज्ञांकडे तपासणी झाली आणि आमचं गाडं अडलं. आईचं हिमोग्लोबिन बरंच उतरलेलं निघालं. त्यांनी विचारलं, संडास काळी होते का? आई म्हणाली, होते बुवा थोडी. दुखण्यासाठी काही घेता का? आईने ठामपणे नकारार्थी मान हलवली. ऑपरेशनची तारीख तिथेच रद्द झाली. डॉक्टर मला म्हणाले, "घरात जेवढी औषधं असतील तेवढी सगळी पिशवीत भरून आणा. चूर्णं, तेलं, कोणी दिलेली, कुठून आलेली, सगळी."

आईला तिथेच बसवून मी तिच्या घरी गेले आणि पिशवी भरली. शोकेसमधली बरणी उचलताना माझ्या मनात वैद्यकीय असं काही नव्हतं. सगळी म्हणाले म्हणून घेतली, आणि ती पुन्हा त्या फोटोशेजारी जाऊ नये असं मनापासून वाटत होतं. बरणी हलकी लागली. जवळजवळ संपली होती.

डॉक्टरांनी चूर्णं बाजूला सारली आणि बरणीचं लेबल वाचलं. "ही हाडाची गोळी नाही. ही पेनकिलर आहे. वॉरफेरिनबरोबर ही घेतली की पोटात जखम होऊन रक्त झिरपत राहतं. तेच झालेलं दिसतंय." त्यांनी बरणी टेबलावर आपटली नाही, पण ठेवली आपटल्यासारखीच.

प्रशांतच्या लेखी तिथे दुकानात मिठाच्या पुड्यासारखी मिळणारी ती साधी गोळी होती. हाडाच्या दुखण्याची गोळी, असं तो म्हणाला असेल. आईने त्यातलं हाड तेवढं ऐकलं. इथल्या केमिस्टने अशी गोळी दिली असती तर तिने मला दहादा विचारलं असतं. लेकाने दिलेल्या गोळीबद्दल विचारायचं काय?

बाहेर बाकावर बसल्यावर आईने पिशवी मांडीवर घेतली. मग माझा हात धरून म्हणाली, "प्रशांतले नको सांगू वं. लय वाईट वाटन त्याले."

"आणि मी आणली असती तर?"

"तुले तं धुऊनच काढलं असतं, शुभा."

ती हे गमतीने म्हणाली नव्हती. मला भयंकर राग आला. पोटातून रक्त हिचं गेलं, तारीख हिची गेली, आणि काळजी कोणाची, तर सातासमुद्रापार बसलेल्याच्या मनाची.

एंडोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पोट आतून पाहिलं. जठरात व्रण निघाला. त्यावर औषधं, लोहाची इंजेक्शनं, आणि तोवर वाट पाहणं. दुखण्यासाठी फक्त डॉक्टरांनी ठरवून दिलेलं पॅरासिटेमॉल. त्या आठवड्यांत आई पलंगावरून उठताना कण्हायची तेव्हा मी हातातलं काम टाकून तिला आधार द्यायचे. तिला एकदा धड चालता यावं, एवढंच तेव्हा हवं होतं.

व्हिडिओ कॉलवर प्रशांतने विचारलं, "ताई, हिमोग्लोबिन कसं काय उतरलं? आईले खायले-प्यायले नीट देऊन नाही राहिली का?"

फोन माझ्या हातात होता. आई पलंगावरून माझ्या तोंडाकडे बघत होती. एक वाक्य बोलायचं होतं मला, फक्त एक, आणि ते जिभेवर आलेलं होतं.

"वयानं होतं तसं," मी म्हटलं.

यात मोठेपणा वगैरे काही नव्हता. मी सांगितलं असतं तर तो रडला असता आणि आई दुखतं अंग विसरून चार दिवस त्याचीच समजूत काढत बसली असती. ते मला बघवलं नसतं. तो हे वाचेल तेव्हा त्याला कळेल.

हिमोग्लोबिन सावरलं आणि नवी तारीख मिळाली. वॉरफेरिन थांबली, पोटावरची इंजेक्शनं सुरू झाली. ती कशी द्यायची हे वॉर्डातल्या सिस्टरने मला शिकवलं. बेंबीपासून दूर, कातडीचा चिमटा धरून, रोज जागा बदलून, आणि नंतर चोळायचं नाही. पोटावर निळे डाग पडतात, त्याला घाबरू नका. ऑपरेशनच्या किती तास आधी शेवटचं इंजेक्शन द्यायचं, ते मात्र डॉक्टर सांगतील तसंच करायचं.

ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेर बसून होते. आतून बोलावलं तेव्हा आई अर्धवट शुद्धीत होती. मी तिच्या कपाळावर हात ठेवला. तिने डोळे उघडून विचारलं, "प्रशांतचा फोन आल्ता का?"

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टने तिला वॉकर धरून उभं केलं. घरी आल्यावर पलंग उंच केला, कमोडवर उंच सीट बसवली, सतरंज्या गुंडाळून ठेवल्या. मांडी घालायची नाही, खाली बसायचं नाही, झोपताना पायांमध्ये उशी. आयएनआर जागेवर येईपर्यंत वॉरफेरिन आणि इंजेक्शनं दोन्ही चालू होती. जखमेतून रक्त आलं, संडास काळी झाली, पोटरी सुजली, छातीत दुखलं किंवा धाप लागली, किंवा पडून डोक्याला मार लागला, तर तडक दवाखाना गाठायचा. पालेभाजीने आयएनआर उतरतो म्हणून ती बंद करायची नसते. दर आठवड्याला साधारण तेवढीच खायची. आईची हरभऱ्याची भाजी मी वाटीने मोजू लागले, त्यावरूनही बोलणी खाल्ली.

आता ती काठी घेऊन गेटपर्यंत जाते. सर्जन, हृदयाचे डॉक्टर आणि पिशवी भरून आणा म्हणणारे ते भूलतज्ज्ञ, या तिघांचे उपकार आमच्यावर आहेत. सिस्टरने चिमटा धरायला शिकवलं, तिचेही.

मागच्या महिन्यात प्रशांत आला. समोरच्या काकू मुद्दाम बघायला आल्या होत्या. त्याने बॅग उघडली, चॉकलेटं काढली, आणि मग एक बरणी काढली. तशीच, भलीमोठी. शोकेसमधली जागा रिकामीच होती. तो बरणी घेऊन तिकडे निघाला. मी पोळ्या लाटत होते, ते थांबवलं.

आई उंच खुर्चीवर बसली होती. "थांब," ती म्हणाली. "शुभाले दाखव आधी."

"अगं आई, साध्या कॅल्शियमच्या आहेत."

"असू दे. शुभाले विचारल्याबिगर मी काही घेत नाही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी हात धुतले, पुसले, चष्मा शोधून आणला. बरणीचं लेबल पुढून वाचलं, मागून वाचलं, तळाशी बारीक अक्षरात छापलेलं होतं तेही वाचलं. प्रशांत तोवर शेजारी उभा होता. गोळ्या खरोखरच साध्या कॅल्शियमच्या होत्या.

"डॉक्टरांना विचारून सांगते," मी म्हटलं आणि बरणी माझ्या पर्समध्ये टाकली.