म्यूट केलेल्या टीव्हीवरचा धवला

इथले अनुभव मी वाचते ते बरेचदा हसायलाच, हे आधीच कबूल करते. कुणाला पैंजण ऐकू येतात, कुणाला हायवेवर पांढऱ्या साडीतली बाई दिसते... मी वाचायचे आणि नवऱ्याला वाचून दाखवायचे. ठाण्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. आवाज म्हणजे हवेतली कंपनं, कंपन नाही तर आवाज नाही, हे वर्गात सांगून सांगून माझा घसा बसलाय. त्यामुळे हे लिहायला घेताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण घडलं ते माझ्याच घरात, भरदुपारी, खोलीभर बायकांसमोर, आणि रिमोट माझ्याच हातात होता.

आमचं घर बाळकुमला, जुन्या गावठाणात. आता चहूबाजूंनी टॉवर उभे राहिलेत, मधे आमची दहा-वीस घरं उरलीत. मी मूळची डोंबिवलीची, आमचं घराणं देशावरचं. हेमंतशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, लग्न करून या आगरी घरात आले. लग्न रजिस्टर केलं होतं. त्याचं माझ्या सासूबाईंना आयुष्यभर वाईट वाटत राहिलं, कारण सासूबाई धवलारीण होत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असतोच, पण त्याच्या आधी मान धवलारणीचा. हळद, मांडव, तांदूळ पाखडणं... प्रत्येक विधीला ती धवला गाते, आणि बाकीच्या बायका मागून ओळ ओढतात. धवल्यात देवांना बोलावणं असतं आणि मधे नवरा-नवरीची नावं गुंफलेली असतात. सगळं तोंडपाठ, लिहिलेलं काही नाही. आमच्या सासूबाईंनी अर्ध्या बाळकुमची लग्नं गाऊन लावली होती. एकुलत्या एक मुलाच्या लग्नात मात्र त्या रजिस्ट्रारच्या ऑफिसात बाकावर गप्प बसून राहिल्या. "माझ्या घरचा धवला बाकी हाय," असं त्या मला अधूनमधून ऐकवायच्या. रागानं नाही, पण ऐकवायच्या.

त्यांची सगळी भिस्त आमच्या मुलीवर, तन्वीवर होती. तन्वीनं गेल्या दिवाळीआधी एका दुपारी त्यांना हॉलच्या खिडकीशी बसवलं आणि मोबाइल लावून म्हणाली, आजी, पूर्ण गा, मी रेकॉर्ड करते. सासूबाईंनी साफ नकार दिला.

"घरान लगीन नाय, मांडव नाय. धवला गायला का देव येतान. त्यांना बसवू कुठं?"

तन्वी हट्टाला पेटली. शेवटी तडजोड अशी झाली की सासूबाई सगळं करून दाखवतील, पण मनातल्या मनात. तो व्हिडिओ आहे आमच्याकडे. त्यात सासूबाई मांडीवर सूप घेऊन बसल्यात, तांदूळ पाखडतायत, दिवा ओवाळतायत, ओठ भराभर हलतायत, आणि आवाज फक्त पंख्याचा. मधे एकदा माझ्या कुकरची शिट्टी होते. अगदी शेवटी तन्वी विचारते, "आजी, माझ्या लग्नात तरी गाशील ना?" त्यावर सासूबाई सूप खाली ठेवून कॅमेऱ्याकडे बघतात आणि म्हणतात —

"तुझे लग्नान गाईन ना. तवा ऐक."

अख्ख्या व्हिडिओत त्यांचं बोलणं तेवढंच.

संक्रांतीनंतर सासूबाई झोपेतच गेल्या. काही आजारपण नाही, काही नाही. त्यांना फोनवर बोलायलाही आवडायचं नाही, त्यामुळे त्यांचा आवाज म्हणून आमच्याकडे उरलं ते हे एक वाक्य. हेमंतनं तो व्हिडिओ स्वतःच्या फोनवर मागवून घेतला. सकाळी चहा घेताना तो शेवटचा तुकडा लावायचा, तेवढाच. मी गॅसपाशी उभी राहून ऐकायचे. या घरात माझं त्यांच्याशी बोलणं बहुतेक वेळा तिथेच व्हायचं, ओट्यापाशी, आणि मला त्या फार आठवायच्या.

पुढे तन्वीचं जमलं. मुलगा निखिल, मानपाड्याचा, तिकडच्याच एका कंपनीत सुपरवायझर. घर आगरीच, माणसं चांगली. हॉल ठरला, डीजे ठरला, पण धवलारीण मिळेना. गावात उरलेल्या दोघींपैकी एकीचं ऑपरेशन झालेलं, दुसरी त्याच दिवशी भिवंडीकडच्या लग्नाला बांधलेली. मी म्हटलं, राहू दे, हल्ली कुणाकडे असतो धवला? तन्वीनं रात्रीचं जेवण तसंच सोडलं, आणि हेमंत मला हळूच म्हणाला, "आईचं बाकी राहिलं मग."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून युक्ती मीच काढली. हळदीला तोच व्हिडिओ टीव्हीवर लावायचा. आवाज नसला तरी काय करायचं ते हातांवरून दिसेल, सासूबाई समोर असल्यासारखं होईल, आणि शेवटचं ते वाक्यही सगळ्यांना ऐकू जाईल. शेजारच्या जनाकाकी म्हणाल्या, चालेल, आम्ही त्यांचं बघून करू.

हळदीच्या दिवशी दुपारी हॉलमधलं फर्निचर बाहेर काढलं होतं. चटया, पाट, हळदीच्या वाट्या, आणि बायकांचा नुसता कलकलाट. तन्वी पाटावर बसली. मी तिचा फोन घेऊन टीव्हीला जोडायला लागले. पहिल्यांदा जोडलाच गेला नाही, वायफायचं नेहमीचं नाटक. मग एकदाची स्क्रीन लागली आणि मोठ्या टीव्हीवर सासूबाई आल्या, सूप मांडीवर घेऊन. बायका एकदम गप्प झाल्या. जनाकाकींनी डोळ्याला पदर लावला.

त्या शांततेत टीव्हीच्या स्पीकरमधून पंख्याची घरघर भयंकर मोठी यायला लागली, ती कुणाला सहन होईना. मी रिमोट घेतला आणि आवाज म्यूट केला. कोपऱ्यात काट मारलेल्या स्पीकरचं चिन्ह आलं. शेवटचं वाक्य आलं की काढू म्हटलं. घरघर थांबली.

आणि धवला सुरू झाला.

मला आधी वाटलं जनाकाकींनीच धरला. मी वळून बघितलं, तर त्यांच्या तोंडात पदराचा बोळा आणि डोळे टीव्हीवर. कुणाचंच तोंड हलत नव्हतं. हलत होते ते सासूबाईंचे ओठ, स्क्रीनवर, आणि आवाज त्या ओठांबरोबर येत होता. थोडा बसका, ओळीच्या शेवटी किंचित वर जाणारा... वीस-पंचवीस वर्षं गावातल्या प्रत्येक हळदीला ऐकलेला. मी पुन्हा कोपऱ्यात बघितलं. काट मारलेला स्पीकर तिथेच होता.

मी फोन बघायला हवा होता, रिमोट दाबून बघायला हवा होता. मी काहीही केलं नाही. नुसती उभी राहिले.

पहिली ओळ संपली आणि बायकांनी ती मागून ओढली. जनाकाकींनी, माझ्या नणंदेनं, सगळ्यांनी. नंतर मी नणंदेला विचारलं, तुला येत होती का ती ओळ? ती म्हणाली, नाही गं, तोंडातून आपोआप आली. एक ओळ टीव्हीतून, एक बायकांची, असा तो धवला चालला. तन्वीला हळद लागत होती आणि ती हुंदके देत होती, पण हसतही होती. नावं आली तेव्हा तिचं नाव आलं. नवऱ्याचं मात्र भलतंच आलं — भिवा. बायकांनीही भिवाच म्हटलं. मला वाटलं जुन्या गाण्यातलं ठरलेलं नाव असेल.

व्हिडिओ शेवटाला आला. धवला थांबला. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं, कॅमेऱ्याकडे बघितलं, ओठ हलले. मी घाईघाईनं रिमोटवर म्यूट काढला, पण तोवर स्क्रीन काळी झाली होती. फोनची बॅटरी संपली असं तन्वी म्हणाली. सकाळीच चार्ज केला होता.

जनाकाकींनी टीव्हीला हळद-कुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, "चला, पानी तापवा नवरीचा." लग्न दुसऱ्या दिवशी उत्तम पार पडलं.

मी मात्र स्वस्थ बसले नाही. आसपासच्या टॉवरमधल्या कुणाचा फोन चुकून आमच्या टीव्हीला जोडला गेला असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. असं होतं, आमच्याकडे एकदा कुणाचं तरी कार्टून लागलं होतं. पण मग म्यूटचं काय? आणि ओठांशी तंतोतंत जुळणाऱ्या आवाजाचं काय? यावर मी नोकरीत शिकलेलं सगळं वापरून पाहिलं. बसत नाही.

दोन-तीन आठवड्यांनी तन्वी आणि निखिल जेवायला आले. फोटोग्राफरनं हळदीचं शूटिंग पाठवलं होतं, त्यात गाणी अजून टाकायची होती, म्हणजे खोलीतला मूळ आवाज जसाच्या तसा होता. निखिलनं आपला फोन टीव्हीला जोडला. आम्ही सगळे बसलो.

शूटिंगमध्ये टीव्ही दिसतो, त्यावर सासूबाई दिसतात, बांगड्या वाजतात, कुणीतरी नाक ओढतं. बायका ओळ ओढतात ती स्पष्ट ऐकू येते. मग शांतता. मग पुन्हा बायका. त्यांच्या दोन ओळींच्या मधे दर वेळी रिकामी जागा आहे, बरोबर एका ओळीएवढी. सासूबाईंचा आवाज त्यात नाही. खोलीतल्या प्रत्येक बाईनं ऐकलेला आवाज माइकनं ऐकलाच नाही.

मग नावं आली. तन्वी, आणि भिवा.

निखिलनं शूटिंग थांबवलं. "हे नाव तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, गाण्यातलं ठरलेलं नाव असेल. तो म्हणाला, बारशाला त्याच्या आजीनं कानात हेच नाव सांगितलं होतं, तिच्या वडलांचं. ते पाळण्यातलं नाव, त्यानंतर कधी कुणी वापरलं नाही. आजी तो शाळेत असतानाच गेली. त्याच्या आईशिवाय ते कुणाला ठाऊक नव्हतं, तन्वीलाही नाही. आणि सासूबाई गेल्या तेव्हा निखिलचं स्थळ आमच्या स्वप्नातही नव्हतं.

तन्वी उठून आजीच्या फोटोपाशी जाऊन उभी राहिली. मी भांडी उचलायच्या निमित्तानं आत गेले, आणि ओट्यापाशी उभी राहून तन्वीनं मला पूर्वी पाठवलेला मूळ व्हिडिओ माझ्या फोनवर उघडला. का, ते सांगता येणार नाही. त्यांचा आवाज ऐकावासा वाटला, इतकंच. हळदीपासून मी तो लावलाच नव्हता.

पंखा आहे. कुकरची शिट्टी आहे. तन्वीचा प्रश्न आहे, "आजी, माझ्या लग्नात तरी गाशील ना?" सासूबाई सूप खाली ठेवतात, कॅमेऱ्याकडे बघतात, ओठ हलतात.

आवाज नाही.

पंखा तसाच चालू आहे, तो ऐकू येतो. ते वाक्य तेवढं नाही. मी तन्वीच्या फोनवर बघितलं, तिथेही नाही. कॉम्प्युटरवर ठेवलेल्या प्रतीत नाही. ध्वनीचा आलेख काढून पाहिला, तर त्या जागी पंख्याचा एकसारखा पट्टा आहे. कापल्याची, पुसल्याची कुठली खूण नाही. एकाच वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या सगळ्या प्रतींमधून एक वाक्य कसं जाईल? कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या सरांना नावं न सांगता विचारलं. ते म्हणाले, मॅडम, असं होत नाही.

हेमंतला सांगायचं धाडस मला बरेच दिवस झालं नाही. त्याच्याकडे आईचा तेवढाच आवाज होता. मग लक्षात आलं की सकाळच्या चहाला तो हल्ली फोन लावतच नाही. एक दिवस चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला आणि हिंमत करून विचारलं, तू आईंचा व्हिडिओ लावत नाहीस का आता?

त्यानं चहा बशीत ओतला. हळदीच्या दिवशी संध्याकाळीच त्यानं लावून पाहिला होता, म्हणाला. त्याला तेव्हापासून माहीत होतं.

"गाईन म्हणाली होती. गायली," तो म्हणाला. "आता कशाला बोलेल?"

कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर सांगा, मी खरंच वाचेन, हसणार नाही. येत्या आठवड्यात मला वर्गात ध्वनीचा धडा घ्यायचाय. कंपन नाही तर आवाज नाही, हे फळ्यावर लिहायचंय. लिहीन. नोकरी आहे. पण घरी कुकर लावला की पहिल्या शिट्टीला माझा हात थांबतो, आणि पुढे कुणीतरी बोलेल म्हणून मी थोडा वेळ तशीच उभी राहते.