कय वरथीन येस

आधी गोकुळभाऊंचं नाव घेते. पुढचं ऐकून तुम्ही माझ्यावर रागावाल, आणि त्या रागात त्यांचं नाव मागे पडेल, तसं व्हायला नको. धुळ्यात आमचं स्कॅन सेंटर आहे, तिथे एक्स-रे आणि एमआरआयचं सगळं काम गोकुळभाऊ बघतात. या परक्या गावात मी पाय रोवून उभी आहे ती त्यांच्यामुळे. आणि जे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, फोनवर आईला नाही — ते त्यांच्याच बाबतीतलं आहे. त्यांच्या आणि सुपडाअक्काच्या.

कुठून सुरुवात करू?

माझं माहेर आणि सासर दोन्ही देवगडकडचं. शाळा नववीत सुटली. नवरा तिकडे पठारावरच्या पवनचक्क्यांवर कामाला होता, मग कंत्राटदाराने त्याला इकडे साक्रीच्या डोंगरांतल्या पवनचक्क्यांवर धाडलं. मागोमाग मी आले. धुळ्याच्या पहिल्या उन्हाळ्यात वाटलं, इथे माणसं राहत नसतील, पापड राहत असतील! ऊन सोसलं. सोसवला नाही तो मुकेपणा. मी मालवणीत वाढलेली, शाळेतलं मराठी येणारी — आणि शेजारणी दारात बसून अहिराणीत खळखळून हसायच्या, त्यातलं अर्धंही मला लागायचं नाही. उगीच आपण हसायचं. हसण्याची सवय तिथेच लागली बहुतेक. न समजता मान हलवायची सवय.

सेंटरला बायकांसाठी एक बाई हवी होती. काम काय, तर बायकांना गाऊन घालायला द्यायचा, अंगावरचं धातूचं सगळं उतरवायचं — जोडवी, पिना, ताईत, लग्नापासून न निघालेली चांदीची कडी साबण लावून — आणि कुठे दुखतं, कसं दुखतं ते विचारून गोकुळभाऊंना सांगायचं. पुरुषमाणसाला सांगायला बायका लाजतात ना. गोकुळभाऊंनी एवढंच विचारलं, "आपल्याकडे खेड्यांतल्या बायका येतात ताई, अहिराणी बोलतात. समजते ना तुम्हाला?"

मला अहिराणीतला एकच शब्द पक्का येत होता, भाजीवालीकडून उचललेला — बठ्ठी, म्हणजे सगळी. म्हटलं, "हो, बठ्ठी समजते."

ते हसले. "बठ्ठी म्हणताय म्हणजे झालंच की!"

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा खोट्याने काय होतं? मलाही तसंच वाटलं होतं. हळूहळू येईल, म्हटलं. आणि थोडी थोडी येतही होती. "आठे दुखस", "तठे दुखस", "मुंग्या येतस" — इथे, तिथे, मुंग्या; दुखण्याचे शब्द काही फार नसतात. उरलेलं मी चेहऱ्यावरून ओळखायची.

त्याच सुमारास सेंटरमध्ये ते एक्स-रे वाचणारं सॉफ्टवेअर आलं. गोकुळभाऊंनी मॅडमच्या मागे लागून लागून आणवलं होतं. आमच्या मॅडम, म्हणजे रेडिओलॉजिस्ट, सेंटर त्यांचंच. त्यांचा त्यावर तितका जीव नव्हता. गोकुळभाऊंचा होता. पेशंटना ते कौतुकाने सांगायचे की हे एआय आहे. एका म्हातारबांनी विचारलं, "कोनी आय?" म्हणजे कुणाची आई! तेव्हापासून गोकुळभाऊ त्याला आयच म्हणायला लागले. "थांबा ताई, आय काय म्हणते बघू."

आणि खरं सांगू, आय होतीच तशी. फोटो पडद्यावर आला की हाडांच्या कडेने बारीक हिरवी रेघ फिरायची, एखादी बाई पोराच्या अंगावरून हात फिरवते तशी, आणि जिथे काही बिनसलंय तिथे थांबायची. एका एसटी कंडक्टरच्या मनगटातली केसाएवढी चीर आधीच्या दोन दवाखान्यांत कुणाला दिसली नव्हती. रेघ तिथे जाऊन थांबली. मी माऊस कसा धरायचा हेही न जाणणारी बाई — मला ते बघताना देवळात उभं राहिल्यासारखं व्हायचं. गोकुळभाऊ समजावून सांगायचे, ही फट म्हणजे कूर्चा, ती दिसत नाही, पण तिची जागा दिसते. नववी नापास बाईला एवढं कोण सांगतं?

सुपडाअक्का साक्रीच्या पलीकडच्या खेड्यातली. मांडे करणारी. इकडे लग्नाकार्यात खापरावर पुरणाचे मांडे करतात, हातावर फिरवून फिरवून ओढणीएवढे मोठे — ते करायला अक्काला लांबलांबून बोलावणं यायचं. उकिडवं बसून दिवसभर चुलीपुढे. हे तिच्या सुनेने मला पहिल्याच दिवशी अभिमानाने सांगितलं होतं. गावच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर होतं, उजवा पाय दुखतो, एक्स-रे काढा. पायाचा कुठला भाग, ते आम्ही विचारायचं. म्हणजे मी.

विचारलं. सून बाहेर बसली होती. अक्काने गुडघ्यावर हात ठेवला आणि भराभर बोलली. त्यातलं मला ऐकू आलं ते असं — "घुडगा दुखस... कय वरथीन येस... तुले कयनं का, माय?"

मला वाटलं, म्हातारी विचारतेय, काय, वर येऊ का? टेबलावर चढू का? मी टेबलावर थाप मारली. "हो हो, कळलं. या वर, बसा." आणि गोकुळभाऊंना जाऊन सांगितलं, उजवा गुडघा.

ती काय सांगत होती ते ज्याला अहिराणी येते त्याला आत्ताच समजलं असेल. इथे ळ चा य होतो. डोळा म्हणजे डोया. केळी म्हणजे केयी. कळ म्हणजे — कय. अक्का सांगत होती की दुखतो गुडघा, पण कळ वरून येते. कमरेतून. कयनं का, म्हणजे कळलं का. रोज माझ्यासमोर बायका गोकुळभाऊंना "गोकुयभाऊ" म्हणून हाक मारत होत्या. रोज! तरी मला उमगलं नाही. उमगावं म्हणून मी कधी थांबलेच कुठे?

गुडघ्याचा फोटो निघाला. हिरवी रेघ फिरली, कुठे फारशी थांबली नाही. वयाच्या मानाने किरकोळ झीज. मॅडमनीही तेच पाहिलं, सही केली. अक्का गुडघ्याचा पट्टा आणि गोळ्या घेऊन घरी गेली.

परत आली ती महिन्याभराने, मुलाच्या खांद्यावर, मागोमाग सून. उजव्या पायाची चप्पल पायात राहत नव्हती. पाऊल वर उचललंच जात नव्हतं, फरशीवर घासत येत होतं, ओलं फडकं ओढावं तसं. मुलगा दारातूनच ओरडत आला. "तुमनं कॉम्प्युटर सांगस किरकोळ! आनि आठे मनी मायना पाय मरी गया!" सगळे पेशंट बघायला लागले. मॅडम बाहेर आल्या, आणि सगळ्यांसमोर गोकुळभाऊंना म्हणाल्या, "मी सांगत होते तुम्हाला, या मशीनच्या नादी लागू नका."

गोकुळभाऊ हळू आवाजात एवढंच म्हणाले, "मॅडम, त्याला गुडघा दाखवला, त्याने गुडघा वाचला." कुणी ऐकलं नाही. मुलगा तर अंगावर धावला त्यांच्या.

मी गाऊन हातात घेऊन उभी होते. तेव्हा मला अजून माहीत नव्हतं, हे देवाशपथ सांगते. कळलं ते पुढच्या क्षणाला. सून रडत माझा हात धरून म्हणाली, "सासूले किती दिनपाईन कय उठस मावशी, आठून पार आठलोंग" — आणि तिने स्वतःच्या कमरेवरून, मांडीवरून, नडगीवरून पायाच्या नखापर्यंत बोट ओढत नेलं.

अक्काने त्या दिवशी मला हेच सांगितलं होतं.

इथपर्यंत जे झालं त्याला चूक म्हणता येईल. चूक सांगायला मी एवढे आढेवेढे घेतले नसते. पुढचं ऐका.

मॅडमनी मुलाला आणि सुनेला पाणी प्यायला बाहेर पाठवलं. गोकुळभाऊ एमआरआयच्या तयारीला गेले. खोलीत मॅडम, अक्का आणि मी. मॅडम पुण्याकडच्या, भराभर बोललेली अहिराणी त्यांना झेपत नाही, म्हणून तर मी. त्यांनी मला विचारलं, "मावशी, त्या दिवशी यांनी कंबरेचं काही सांगितलं होतं का?"

अक्का माझ्या आधी बोलली. माझ्याकडे बोट करून. "मी सांगं व्हतं हिले. कय वरथीन येस, म्हनीसनी."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतायत?"

आणि मी म्हटलं, "म्हणतायत, आता आठवत नाही."

का? नोकरी जाईल म्हणून? परत त्या बंद खोलीत, शेजारणींच्या न समजणाऱ्या हसण्यात बसावं लागेल म्हणून? तेव्हा यातलं काहीच मनात आलं नव्हतं. तोंडातून गेलं. इतकं सहज गेलं, जसं "बठ्ठी समजते" गेलं होतं.

मी एक गोष्ट विसरले होते. मला अक्काची भाषा येत नव्हती, पण अक्काला माझी येत होती. शाळेतलं, टीव्हीवरचं मराठी इथे कुणाला समजत नाही? मी काय सांगितलं ते तिने शब्दन् शब्द ऐकलं. मला वाटलं, आता बोलेल. तिने पदराने तोंड पुसलं, म्हणाली, "ऱ्हाऊ दे, माय."

मॅडमनी विचारलं, "आता काय म्हणाल्या?"

"काही नाही," म्हटलं.

एमआरआयला अक्काला पाठीवर सरळ झोपवेना, कळीने किंचाळायची. हलली की चित्र फिसकटतं. गोकुळभाऊ इतकं ऐकून घेतल्यावरही मॅडमकडे गेले. एमआरआयमध्येही तसलंच एक सॉफ्टवेअर आहे, झटपट काढलेलं धुरकट चित्र ते साफ करून देतं. ते वापरू द्या म्हणाले, बाई फार वेळ पडून राहणार नाही. मॅडम नाराजीनेच हो म्हणाल्या. मी आत अक्काचा हात धरून होते. तिने धरू दिला.

मग पडद्यावर ते आलं. आधी पावसाळी काचेतून दिसावं तसं, आणि बघता बघता निवळलं. मणके एकावर एक, मधे पांढऱ्या पाण्याची उभी धार, आणि त्या धारेत केळीच्या खांबातल्या ओल्या धाग्यांसारख्या शिरा. एका ठिकाणी गादी बाहेर सरकून एक धागा दारात बोट सापडावं तसा चेमटला होता. जिवंत माणसाची कळ कुठून निघते, ती जागा मी डोळ्यांनी पाहिली. अक्काने तोंडाने सांगितली होती तीच. "वरथीन."

त्याच दिवशी तिला नाशिकला नेलं. आणखी उशीर झाला असता तर पावलातलं बळ परत आलंच नसतं, असं तिथले सर्जन म्हणाले. ते अर्धं आलं. अक्का आता चालते, पायाला आधाराचा पट्टा लावून. उकिडवं बसवत नाही. मांडे सून करते. अक्का खुर्चीवर बसून तिला फाटले, जाड झाले म्हणून बोलते, असं सूनच हसत सांगते.

एक्स-रेचं सॉफ्टवेअर मात्र मॅडमनी बंद करवलं. अजून बंद आहे. तेव्हापासून गोकुळभाऊ आयचं नाव काढत नाहीत. नवीन डॉक्टर कुणी आले की मॅडम त्यांना तो किस्सा सांगतात, मशीनवर विसंबलं की काय होतं बघा, आणि गोकुळभाऊ मान खाली घालून फिल्म लावत राहतात. मी चहाचे कप उचलते.

याच माणसाने पुढे काय केलं ते सांगते. माझ्या हातातून पिना निसटायला लागल्या. बोटं बधिर व्हायची, मी कुणाला बोलले नव्हते. त्यांनी नुसतं बघून ओळखलं. मॅडमना सांगून मनगटाची सोनोग्राफी करवली. त्या मशीनमधल्या सॉफ्टवेअरने माझी नस पिवळ्या रंगाने भरून दाखवली, मनगटापाशी कुठे दबलीय ती जागा दाखवली. पट्टा बांधला, वेळेवर उपचार झाले, हात सुधारला. विचार करा — मी अवाक्षर न बोलता माझं दुखणं वाचलं गेलं. आणि जिने सगळं सांगितलं होतं, तिचं?

अक्का तपासणीला येते अधूनमधून. इतर सगळ्यांशी अहिराणीत बोलते, हसते, टोमणे मारते. माझ्याशी नाही. माझ्याशी ती सावकाश, शाळेतल्या मराठीत बोलते, एकेक शब्द सुटा करून, पोराला शिकवावं तसं. "आता — कळ — येत — नाही." तो ळ उच्चारायला तिला जीभ वळवावी लागते. ती वळवते. रागाने नाही. मला समजावं म्हणून.

अहिराणी आता मला येते. खरोखर येते.

गोकुळभाऊ, तुम्ही हे वाचाल की नाही, माहीत नाही. तुमच्या मशीनने गुडघा बरोबर वाचला होता. ऐकताना चुकले ती मी, आणि सांगताना खोटं बोलले तीही मीच. तुम्ही सगळ्यांसमोर खाली घातलेली मान सगळ्यांसमोरच वर करायची आहे, मॅडमच्या खोलीत, अक्का समोर बसलेली असताना. तेवढं तुमचं माझ्याकडे राहिलंय. ते मी फेडीन.